शिवणीतली माया

रात्रभर बर्फ पडला तार्तूत.
सकाळी टपालाची सायकल ढकलत
मी पिह्लाका रस्त्याच्या वळणावर आले, तर
हेल्वे उभी. झोपायच्या झग्यावर मेलेल्या नवऱ्याचा ओव्हरकोट,
पायांत दोन वेगळ्या जोड्यांचे बूट.
"बघ," म्हणाली, "चाकं कुठून गेलीत."

पाववाल्याची गाडी, शाळेची बस, आणखी कोण कोण.
चाकोऱ्या सगळ्या मधोमध,
एकीत एक मिसळून काळ्या, ओल्या.
आणि कडेला, वळणावर तर दोन खाटा मावतील एवढा
बर्फ तसाच.
कुणी न शिवलेला.

चाळीस वर्षं तिनं या गावाला कपडे शिवले.
लग्नातले, नाटकातले,
आणि शेवटचे, पाठीवर उघडे, जे घालताना
कुणी हात वर करत नाही.
"तुम्हाला रस्त्यांतलं कळणार नाही,"
नगरपालिकेतला तानिएल म्हणाला होता ऑक्टोबरात,
अगदी नम्रपणे, कॉफीचा कप पुढे सरकवत.
कचऱ्याचा ट्रक वळायला हवा. बंब वळायला हवा.
एवढी रुंदी लागतेच.

त्या रुंदीतच काल्यूचा खुबा मोडला.
गाडी वळली ती वेग न मोडता;
मोडायला वळणानं तिला सांगितलंच नव्हतं.
सायकल भंगारात गेली.
घंटी तेवढी त्यानं काढून घेतली.
खिशात ठेवतो. मी टपाल दिलं की
सही करायच्या आधी एकदा वाजवतो.

"माप चुकलंय," हेल्वे म्हणाली.
"धाकट्याला थोरल्याचा कोट घातलाय.
शिवणीत माया सोडतात, पोरगं वाढेल म्हणून.
इथे पोरं वाढली, शिकली, हेलसिंकीला गेली,
आणि माया सगळी
गाड्यांच्याच बाजूला."

मग घरातून तिनं बीट उकडलेलं पाणी आणलं,
झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून,
आणि चाकोऱ्यांच्या काठाकाठानं
लाल रेघ ओढत गेली, वाकून,
दर चार पावलांवर कंबर धरत.
मी सायकल भिंतीला टेकवली.
टपालाला उशीर झाला. होऊ दे.

साडेआठला ट्रक आला. राइनो खाली उतरला,
रेघेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं,
परत चढला.
एकदा मागे घेतला, पुन्हा पुढे,
आणि वळला, रेघ न ओलांडता.
पोरं टाळ्या पिटत होती.
ऊर्मास खिडकीतून ओरडत होता, मग मी गाडी कुठे लावू?
प्रश्न खरा होता.
उत्तर कुणाकडेच नव्हतं, आजही नाही.

दुपारी तानिएल आला टेप घेऊन.
टेपचं दुसरं टोक हेल्वेनं धरलं,
सवयीनं जरा ताणून.
दोन मीटर चाळीस, त्यानं लिहिलं.
"आणि थोडं," ती म्हणाली. "टेप सैल आहे तुझी."

बर्फ वितळला. रेघ गेली.
मे महिन्यात तिथे चार लाकडी कुंड्या आल्या,
वर पाटी: तात्पुरती व्यवस्था.
एक कुंडी रात्री कुणी तरी उलथली.
सकाळी ऊर्मासच ती सरळ करताना दिसला,
मला बघून म्हणाला, वास मारत होती माती, म्हणून.

रस्ता ओलांडायला आता अकरा पावलं लागत नाहीत,
सात लागतात. मी मोजलीत.
काल्यूला जास्त लागतात, वॉकर असतो ना.
त्या वॉकरच्या दांड्याला त्यानं घंटी बसवली आहे,
आणि मधोमध आला की थांबतो मुद्दाम,
गाडी असो नसो,
दोनदा वाजवतो.

परवा हेल्वे कुंडीच्या कडेवर बसली होती
सुईत दोरा ओवत. डोळे गेलेत तिचे.
मी ओवून दिला.
"बघितलंस," म्हणाली,
"अजून थोडं आत घेता येईल."